शाहिराचा प्रपंच : सोलापूरच्या दोन चरित्रांच्या अनुषंगाने

मराठी शाहिरांची जी चरित्रे आपल्याकडे सांगितली व लिहिली गेली, त्यांत एक प्रसंग सहसा चुकत नाही. शाहीर घर सोडतो, अथवा घर त्याला सोडते. थोरला भाऊ त्याला उंबऱ्याबाहेर काढतो, किंवा पिढीजात वतनावर तो आपण होऊन पाणी सोडतो, आणि मग त्या दिवसापासून तो खरा शाहीर झाला असे चरित्रकार मोठ्या समाधानाने नमूद करतात. संगमनेरच्या अनंत फंदीच्या बाबतीत हीच कथा उलट्या दिशेने सांगितली जाते. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली, फंदीने तमाशा टाकला आणि तो कीर्तनाकडे वळला, अशी आख्यायिका आहे. दोन्ही प्रकारच्या कथांत गृहीत एकच दिसते, ते असे की फड आणि घर ही दोन परस्परविरोधी ठिकाणे असून मनुष्य एका वेळी त्यांपैकी एकाच ठिकाणी राहू शकतो.

हे गृहीत तपासून पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी सोलापूरची दोन चरित्रे घेतली आहेत : पेशवाईच्या अखेरीस होऊन गेलेला सोलापूर शहराचा रामजोशी, आणि याच जिल्ह्यातील बार्शी येथे १९१६ साली जन्मलेले शाहीर अमर शेख. दोघांच्या काळात सुमारे दीडशे वर्षांचे अंतर आहे. जात, धर्म, शिक्षण, आश्रय, श्रोता यांपैकी काहीही समान नाही. तरीसुद्धा दोघांकडे एकत्र पाहिले असता असे दिसते की शाहिराचे घर हे त्याच्या कलेच्या वाटेतील अडथळा नव्हते. कलेचे भांडवल घरातूनच आले होते, आणि त्या कलेची जी किंमत पडली तीही पुष्कळशी घरानेच मोजली. यांतील दुसरी गोष्ट आपल्या वाङ्मयेतिहासात फार उशिरा आली. ती का, हेही पाहावयाचे आहे.

रामजोशीचे जन्मवर्ष सामान्यतः १७६२ धरण्यात येते. घराणे जोशीपणाची वृत्ती चालविणाऱ्या विद्वान ब्राह्मणांचे. वडील बंधू मुद्गल जोशी हे पुराण-कीर्तनात नाव मिळविलेले. शेजारीपाजारी धोंडी शाहिराचा फड, तेथील डफ-तुणतुण्याचा नाद या मुलाच्या कानी पडला आणि तो त्या फडाला लावण्या रचून देऊ लागला. पुढे भावाने घराबाहेर काढले. रामजोशी पंढरपुरास गेला, तेथे बाबा पाध्ये यांच्यापाशी त्याने संस्कृताचे अध्ययन केले, परत येऊन कीर्तने केली, त्यांत वाहवा मिळविली, आणि अखेर पुन्हा तमाशाचाच मार्ग धरला. हा चरित्राचा सांगाडा सर्वपरिचित आहे.

या कथेतील भावाचा राग आपण बहुधा सोवळेपणाचा राग म्हणून वाचतो. तो तसा होता यात शंका नाही. परंतु माझ्या मते तेवढ्याने उलगडा होत नाही. जोशीपण ही वृत्ती होय. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्नमुंज लावणे यांचा हक्क ठराविक यजमानांकडे चालतो, आणि तो एकट्या व्यक्तीचा नसून सामाईक घराचा असतो. घरातील एकाने तमासगिरांच्या पंक्तीला बसण्यास आरंभ केला, तर ग्रामण्याचे संकट एकट्यावर न येता सगळ्या घरावर येते. यजमान दुसरा जोशी पाहतात, आणि वर्षाचे धान्य व दक्षिणा बंद होते. मुद्गल जोशींनी जे केले त्यात घराच्या चरितार्थाचा हिशेबही असला पाहिजे. ज्याला आपण कलेचा व सनातनीपणाचा झगडा म्हणतो, त्याच्या तळाशी पुष्कळदा अशी वृत्तीची वाटणी सापडते. पेशवाईतील भाऊबंदकीचे कागद चाळणाऱ्यास हे नवीन वाटू नये.

घर सुटले खरे. पण घराने जे दिले होते ते सुटले नाही. रामजोशीची रचना डोळ्यांखालून घातली की हे ताबडतोब लक्षात येते. अनुप्रास आणि अंतर्यमक यांची दाटी, संस्कृत समासांचा सैल हाताने केलेला वापर, पुराणकथांतील दाखल्यांची आयती उपलब्धता, उपदेशपर लावणीत येणारा पुराणिकाचा दटावणीचा स्वर, हे सर्व धोंडीच्या फडात शिकावयास मिळणारे नव्हते. ते मुद्गल जोशींच्या ओसरीवरचे होते. मोरोपंतांच्या आर्या कीर्तनातून गाऊन त्या सामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचविण्याचे श्रेय परंपरा रामजोशीला देते. ज्याने आर्या जिभेवर खेळविल्या, त्याची लावणी साध्या शृंगाराच्या लावणीहून निराळ्या चालीने धावणार हे उघड आहे. मराठी, कानडी, हिंदुस्थानी व संस्कृत अशा चार भाषा एकाच लावणीत गुंफण्याचा त्याचा प्रकार नुसती कसरत म्हणून निकालात काढण्याची आपल्या समीक्षकांची रीत आहे. ज्यांनी सोलापूरच्या बाजारात एक सकाळ घालविली आहे ते असे म्हणणार नाहीत. तेथे आजही भाव एका भाषेत विचारला जातो, घासाघीस दुसरीत होते आणि शिवी तिसरीत निघते.

याच रामजोशीच्या नावावर ‘मदालसाचंपू’ हे संस्कृत काव्य आहे, ही गोष्ट येथे मुद्दाम नोंदविण्यासारखी वाटते. मदालसा ही मार्कंडेय पुराणातील राणी. ती आपल्या मुलांना पाळण्यातच वैराग्याचा उपदेश करते आणि एकामागून एक मुलगे संसाराकडे पाठ फिरवतात. अखेर राजाने विनविल्यावर ती एका पुत्राला गृहस्थधर्म व राजधर्म शिकविते. घराबाहेर पडलेल्या शाहिराने नेमका हाच विषय निवडावा, यावरून त्याच्या मनाचा ठाव घेण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. विषय पंडितांच्या परिचयाचा होता, एवढे म्हणून थांबणे इतिहासाच्या दृष्टीने सुरक्षित आहे. मात्र फडावर उभा असतानाही तो पंडितांच्या घरातील विद्या बाळगून होता, इतके तरी यावरून निश्चित होते.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत, म्हणजे १७९६ नंतर, पुण्यात लावणीला जो आश्रय मिळाला त्यात रामजोशीचाही वाटा होता. १८१३ च्या सुमारास पुण्यातच त्याचा अंत झाला असे मानतात. या उत्तरायुष्यात त्याच्या फडातील बया आणि चिमा या दोन स्त्रियांची नावे परंपरेने जपली आहेत. नावे जपली, त्यापलीकडे काही जपले नाही. त्या काळच्या तमाशात स्त्रीभूमिका बहुतेक नाच्या पोऱ्या करीत असे. तेथे स्त्री उभी राहणे म्हणजे गाणे, नाचणे, दौलतजादा गोळा करणे आणि फडाच्या बिऱ्हाडाची चूल सांभाळणे ही सर्व कामे एकाच देहावर येणे. सोलापुरातील घर सुटल्यानंतर रामजोशीचा जो काही प्रपंच होता, तो या फडाच्या बिऱ्हाडातच होता. असे असून चरित्रकारांनी बयेला मोहाचे किंवा स्फूर्तीचे रूप दिले, प्रपंचातील भागीदाराचे दिले नाही.

१९४७ साली राजकमल कलामंदिराने ‘लोकशाहीर रामजोशी’ हा चित्रपट काढला. बाबूराव पेंटर व व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन, ग. दि. माडगूळकरांचे लेखन, जयराम शिलेदार रामजोशीच्या भूमिकेत आणि हंसा वाडकर बयेच्या. आज सामान्य मराठी माणसाच्या मनात जो रामजोशी आहे तो ऐतिहासिक साधनांतून आलेला नाही, या चित्रपटातून आलेला आहे. चित्रपटाच्या गुणदोषांची चर्चा येथे अप्रस्तुत होय. परंतु बयेचे काम करणाऱ्या हंसा वाडकर यांनी पुढे ‘सांगत्ये ऐका’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले (१९७०), ही गोष्ट मात्र आपल्या विषयाशी निकट संबंध असलेली आहे. घरची ओढगस्त भागविण्यासाठी लहान वयातच चित्रपटात यावे लागलेल्या, स्वतःच्या कमाईवर घर चालविणाऱ्या आणि तरीही साध्या संसाराची आस न सुटलेल्या एका कलावतीचे ते निवेदन आहे. इतिहासातील बया बोलली नाही. तिचे सोंग ज्यांनी आणले त्या बोलल्या, आणि बोलल्या त्या फड व घर यांविषयीच. याला योगायोग म्हणावे. पण अभ्यासकाने विसरू नये असा योगायोग.

रामजोशीकडून पुढे जाण्यापूर्वी एक दुरुस्ती करणे अवश्य आहे. घर टाकून फडात गेलेला शाहीर हा नमुना सर्व शाहिरांना लागू नाही. होनाजी गवळी होता आणि दुधाचा पिढीजात धंदा त्याच्या घरी होता, सगनभाऊ शिकलगार, बावीचा परशराम शिंपीकाम करून पोट भरीत असे. या मंडळींची घरे कसबी माणसांची होती. दिवसा सुई किंवा सहाण, रात्री डफ. धंद्याच्या सवडीने गाणे आणि गाण्याच्या हंगामात धंद्याला विश्रांती. त्यांच्या चरित्रांत घर सोडण्याचा प्रसंग नाही, याचे कारण त्यांची कलेवरील निष्ठा कमी होती असे नव्हे. त्यांच्या घरचा चरितार्थ यजमानांच्या दृष्टीतील सोवळेपणावर अवलंबून नव्हता. घर सोडण्याची कथा वृत्तिवंतांच्या घरात जन्मलेल्या शाहिरांचीच का, याचे उत्तर येथे मिळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जन्मलेले पठ्ठे बापूराव, म्हणजेच श्रीधर कृष्ण कुलकर्णी, यांनी कुलकर्णीपणाचे वतन मागे टाकले, तेही याच मालिकेत बसते. अपवादांची कथा रंजक असल्यामुळे तिलाच आपण नियम मानून बसलो.

आता बार्शीकडे वळू.

अमर शेख यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आईचे नाव मुनेरबी. घरी दारिद्र्य. मोटारगाडीवर क्लीनर, गिरणीत कामगार, मिळेल ते काम त्यांनी केले. जिल्ह्याचे त्या वेळचे वातावरण ध्यानात घेतले पाहिजे. सोलापुरातील जुनी गिरणी १८७७ साली सुरू झाली आणि तेव्हापासून शहराचा सारा दिनक्रम भोंग्याने बांधला गेला. बार्शी हे लाइट रेल्वेने जोडलेले कापसाचे व धान्याचे बाजारपेठेचे गाव, तेथेही गिरण्या उभ्या राहिल्या. १९३० साली सोलापुरात लष्करी कायदा पुकारण्यात आला. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यास फाशी देण्यात आले, तेव्हा मेहबूब चौदा वर्षांचा होता. पुढे गिरणीच्या संपात भाग घेतल्यामुळे त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथे साम्यवादी विचारांशी परिचय झाला. नंतर कोल्हापूरच्या चित्रपटसृष्टीच्या आसऱ्यास असताना ‘अमर शेख’ हे नाव रूढ झाले आणि तेथून ते मुंबईच्या कामगार चळवळीत गेले.

या धकाधकीत गाणे कोठून आले? फड नव्हता, गुरू नव्हता, मोरोपंतांची आर्या नव्हती. गाणे मुनेरबींकडून आले. जात्यावर आणि घरकामात म्हटल्या जाणाऱ्या ओव्यांचा व लोकगीतांचा वारसा अमर शेखांना आईकडून मिळाला. बार्शीच्या मुसलमान घरातील आईची ओवी मराठीच असावी, यात त्या भागाची माहिती असणाऱ्यास नवल नाही. दळणाची भाषा ही शेजाराची भाषा असते. संगीताच्या दृष्टीनेही हा वारसा महत्त्वाचा आहे. जात्याची ओवी लांब दमावर चालते. हात फिरत असतात, श्वास ओढून धरावा लागतो, आणि स्वर जात्याच्या घरघरीच्या वर काढावा लागतो. ध्वनिक्षेपकाच्या साहाय्याविनाही मैदान भरून टाकणारा अमर शेखांचा बुलंद आवाज ज्यांनी ऐकला त्यांनी त्याचे वर्णन निसर्गदत्त असे केले आहे. निसर्गाचा वाटा असेलच. दळणाचाही काही असला पाहिजे, असे मला वाटते.

१९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभे केले. कलापथक हा शब्द नवा होता. पण त्याची राहणी पाहता तो जुन्या फडाचाच नवा अवतार होता. एकत्र राहणे, एकत्र प्रवास, जेवण जेथे कार्यक्रम तेथे, आणि मिळकत सामाईक. फरक एवढाच, आणि तो मोठा आहे, की बिदागी देणारा पेशवा किंवा सावकार येथे नव्हता. येथे पक्ष होता आणि समोर गिरणगावातील व खेड्यांतील श्रोता होता. दौलतजादाची जागा चळवळीच्या निधीने घेतली, आणि निधी हा शाहिराच्या घरी जात नसतो. रामजोशीच्या फडात पैसा येऊन उधळला गेला असेल. कलापथकात तो घराच्या वाटेला फारसा लागलाच नाही. स्वातंत्र्योत्तर काळात साम्यवादी चळवळीवर सरकारचा वरवंटा फिरला तेव्हा कलापथकाच्या तमाशांवरही बंदी आली. अशा काळात शाहिराचे घर कशावर चालते, हा प्रश्न पोवाड्यांचे संग्रह संपादणाऱ्यांनी सहसा विचारलेला नाही.

अमर शेखांनी कुसुम जयकर यांच्याशी विवाह केला. त्या पुढे ज्योती या नावाने ओळखल्या गेल्या. हिंदू व मुसलमान घरांतील हा संबंध, फाळणीचा विखार ताजा असलेल्या त्या दशकात, नुसता खाजगी राहणे शक्यच नव्हते. शाहीर व्यासपीठावरून ज्या मानवी ऐक्याचे गाणे गात, ते घरात रोज निभावून न्यावयाचे होते, आणि ते निभावण्याचे काम बव्हंशी घरात राहणाऱ्यांकडे होते. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात (१९५५ ते १९६०) अमर शेख हा एक आवाज न राहता आंदोलनाची ओळखच झाला. आचार्य अत्र्यांच्या सभांना त्यांचे गाणे आणि त्यांच्या गाण्याला त्या सभा, असे समीकरण बनले. गोवामुक्तीच्या लढ्यातही ते गात होते. १९५७ च्या निवडणुकीत समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला जबर धक्का दिला; त्याच वर्षी अमर शेखांच्या घरी मलिका या कन्येचा जन्म झाला. एवढ्या धामधुमीत १९५८ साली ‘कलश’ आणि १९६३ साली ‘धरतीमाता’ हे त्यांचे काव्यसंग्रह निघाले. सभेतील शाहीर आणि कागदावरचा कवी यांत त्यांचा कवी अधिक एकांतप्रिय आहे, हे या संग्रहांच्या वाचकास जाणवल्याशिवाय राहत नाही. तो एकांत त्यांना दौऱ्यांवर मिळाला नसावा.

१९६१ साली आलेल्या ‘प्रपंच’ या चित्रपटात अमर शेखांनी प्रमुख भूमिका केली. गरिबीत मोठ्या कुटुंबाचे ओझे वाहता वाहता खचून जाणारा कुंभार त्यांनी त्यात उभा केला. कथा पुन्हा माडगूळकरांचीच, ज्यांनी चौदा वर्षांपूर्वी रामजोशीला घराबाहेर पडताना पडद्यावर दाखविले होते. व्यासपीठावर डफ घेऊन गर्जणारा तो धिप्पाड पुरुष तेथे चाकासमोर वाकून बसलेला पाहणे, हा त्या वेळच्या प्रेक्षकाला चमत्कारिक अनुभव वाटला असेल. या भूमिकेचा उल्लेख शाहिरीच्या अभ्यासात ‘चित्रपटांतही काम केले’ एवढ्या अर्ध्या वाक्यात संपविला जातो. मला ते योग्य वाटत नाही. लोकांसाठी गाणाऱ्या माणसाने लोकांच्या घरातील रोजची चणचण अभिनयाने दाखविली, तर ती त्याच्या शाहिरीचाच एक भाग समजली पाहिजे.

अण्णा भाऊ साठे १८ जुलै १९६९ रोजी वारले. त्यानंतर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्ट रोजी, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेखांचा अंत झाला. इंदापूर हे पुणे–सोलापूर रस्त्यावरचे गाव. बार्शीचा मुलगा ज्या वाटेने मुंबईकडे गेला असेल तीच ही वाट. मलिका तेव्हा बारा वर्षांची होती.

या मुलीने पुढे स्वतः कविता लिहिली, आणि १९८४ साली ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे आत्मकथन प्रसिद्ध केले. पुस्तकाचा मुख्य विषय तिचे स्वतःचे वैवाहिक जीवन हा आहे. दलित पँथरचे संस्थापक व कवी नामदेव ढसाळ यांच्याशी तिचा विवाह झाला होता. तथापि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यातील बालपणाचा भागही तितकाच मोलाचा आहे, कारण शाहिराच्या घरात वाढलेल्या व्यक्तीने आतून दिलेली अशी साक्ष मराठीत त्यापूर्वी दुर्मिळ होती. वडिलांविषयीचे प्रेम तिच्या लेखनात ओसंडून आहे. कार्यकर्त्यांनी गजबजलेले घर, गाण्याचे व विचारांचे वातावरण, आईबापांचा परस्परांवरील लोभ हे सर्व ती लिहिते. आणि मग ज्या घरात ती पुढे गेली तेथे, कवी आणि पुढारी असलेल्या माणसाच्या सार्वजनिक जीवनाचा हिशेब चुकता करण्याची पाळी घरातील स्त्रीवर कशी येते, हेही ती कोणाची भीड न धरता लिहिते. पुस्तक प्रसिद्ध झाले तेव्हा त्यावर वादळ उठले. कौटुंबिक गोष्टी चव्हाट्यावर आणल्या, हा त्यातील मुख्य आक्षेप होता.

हा आक्षेप इतिहासाच्या विद्यार्थ्याने नीट ऐकला पाहिजे. मुद्गल जोशींनी भावाला घराबाहेर काढले, ही गोष्ट कौटुंबिकच होती. ती दोनशे वर्षे चव्हाट्यावर आहे आणि तिच्यावर चित्रपटही निघाला, त्याबद्दल कोणी तक्रार केलेली नाही. शाहीर घराबाहेर पडतो तो प्रसंग सार्वजनिक, आणि तो बाहेर असताना घरात जे घडते ते मात्र खाजगी, असा भेद आपण नकळत पाळत आलो. शाळिग्रामांनी लावण्या गोळा केल्या, म. वा. धोंडांनी ‘मऱ्हाटी लावणी’त (१९५६) तिच्या घडणीचा कसून विचार केला, या ऋणाची जाणीव ठेवूनच हे म्हणावयाचे आहे की लावणी व पोवाडा रचणाऱ्याच्या घरातील चूल, वृत्तीची वाटणी, आईची ओवी, बायकोची नोकरी यांना आपल्या शाहिरी वाङ्मयाच्या अभ्यासक्रमात अद्याप प्रकरण मिळालेले नाही.

आपल्या विभागातील जे विद्यार्थी शाहिरीवर प्रबंधाचा विषय शोधीत येतात, त्यांना सोलापूर जिल्ह्यात काम पुष्कळ आहे. रामजोशीच्या लावण्यांची पुरवणी शोधण्याऐवजी जोशीवृत्तीच्या वाटणीचे कागद कोणी पाहावेत. मोडनिंबच्या संगीत बारीतील कलावतींशी बोलताना, त्या महिन्याकाठी घरी काय पाठवितात आणि मुले कोणापाशी ठेवतात, हे आधी विचारावे आणि मग लावणीची चाल विचारावी. बार्शी, माढा, करमाळ्याकडील वृद्ध स्त्रियांपाशी जात्यावरच्या ओव्या अजून आहेत. जाती घरातून गेली तरी ओव्या तोंडात राहिल्या आहेत. त्या टिपून घेताना गाणारीचे नाव, तिचे माहेर, आणि तिच्या मुलांपैकी कोणी पुढे भजनी मंडळात, कलापथकात किंवा बँडात गेले काय, हे त्याच कागदावर लिहून ठेवावे.